जवसाच्या चटणीतलं मीठ

यांचं ब्लडप्रेशर वाढलंय हे कळलं ते ऑफिसातल्या तपासणीत. संध्याकाळी घरी आले, बूट काढता काढता खिशातला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काई नाई, जराक जास्त आहे." मी आकडे वाचले आणि मला वडील आठवले.

माझे वडील अकोल्याजवळच्या एका गावी होते. मी कॉलेजात असताना त्यांना लकवा मारला. चार वर्षं ते खाटेवर होते आणि माझी आई त्यांना चमच्यानं भरवायची. धडधाकट होते तेव्हा ताटात वाढलेल्या प्रत्येक गोष्टीवर ते वरून मीठ घ्यायचे. काकडीवर, भातावर, कलिंगडावरसुद्धा. त्यांचं ब्लडप्रेशर कुणी कधी तपासलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. तपासलं असेल तरी घरात कुणी त्याचा अर्थ लावला नव्हता.

आमच्या अमरावतीतल्या, राजापेठेतल्या डॉक्टरांनी यांना एक गोळी सुरू केली आणि मला समोर बसवून सांगितलं, "माणशी दिवसभराचं मीठ एक लहान सपाट चमचा. भाजीतलं, पोळीतलं, पापड-लोणच्यातलं, फरसाणातलं, सगळं धरून. आणि ताई, यांच्यासाठी वेगळं शिजवू नका. तुमच्या वडिलांना लकवा झाला होता म्हणता ना? मग तुम्हीही तसंच खा. त्यांचा आजार आटोक्यात राहील, तुमचा कदाचित येणारच नाही."

मी शिक्षिका होते. अल्सरच्या दुखण्यानं नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती आणि घरात मला शिकवायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली. त्यामुळे मी सगळा जीव या एका कामाला लावला. कणकेतलं मीठ बंद केलं. भातातलं बंद केलं. भाजीत निम्म्यावर आणलं आणि त्याची भरपाई लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर यांनी केली. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. टेबलावरची मिठाची वाटी उचलली त्या दिवशी हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

पहिले पंधरा दिवस यांचे हाल झाले. वरण तोंडात घेऊन गिळायचे, पण बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटते." महिनाभरानं माझ्या जिभेला सवय झाली. एका लग्नात पंगतीतली भाजी मला खारट लागली, तेव्हा मला गंमत वाटली. यांना मात्र जेवणात काहीतरी चरचरीत लागायचंच. म्हणून मी जवसाच्या चटणीचा विचार केला.

इथे माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. अकोल्याच्या होस्टेलमध्ये आम्ही दोघी एका खोलीत होतो. वडील पडले तेव्हा परीक्षेची फी भरायचा शेवटचा दिवस मी विसरून गेले होते, तर रांगेत उभी राहून माझा फॉर्म तिनं भरला होता. पुढे तिचं लग्न अकोल्यातच झालं, माझं अमरावतीत. तिचा नवरा लवकर गेला आणि त्याची पिठाची गिरणी तिनं चालवायला घेतली. गिरणीत मिरची कांडायचं यंत्रही होतं. तीस वर्षांत आमचा आठवडा फोनशिवाय गेला नव्हता.

मी तिला म्हटलं, "कमी मिठाची चटणी करून पाहू. जवस भाजून, लसूण नि जिरं जास्त, थोडी आमचुराची पूड. मीठ अगदी नावाला."

ती म्हणाली, "मंग घरच्यापुरतीच काहून करतं? बीपीवाले घरोघरी हायेत. पाकिटं करू."

असं ते सुरू झालं. जवस मी निवडायची, भाजायची आणि मीठ स्वतः मोजून वेगळ्या पुडीत बांधायची. दर पंधरा दिवसांनी ते सगळं बसनं अकोल्याला जायचं. ती मिरची कांडायची, सगळं एकत्र दळायची, पाकिटं भरून काही तिकडच्या दुकानात ठेवायची, बाकीची मला पाठवायची. पाकिटावरची चिठ्ठी माझ्या अक्षरात असायची, 'कमी मिठाची जवस चटणी'. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं. मला तिखट वर्ज्य असल्यामुळे मी चटणी कधी चाखत नसे. चव यांनी सांगायची.

पहिल्या खेपेची चटणी यांनी खाल्ली आणि म्हणाले, "ठीक आहे." दुसऱ्या खेपेची खाल्ली आणि मान वर करून म्हणाले, "अवं, हे तं मस्तच जमली." मला इतका आनंद झाला की मी लगेच तिला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "हात बसला आता."

आमच्या बुद्धविहारातल्या बायका ती चटणी नेऊ लागल्या. कुणाच्या सासूला बीपी, कुणाला स्वतःला. एकजण म्हणाली, "ताई, कमी मिठाची हाय असं वाटतच नाई." मी तिला समजावून सांगितलं की आंबट आणि लसूण असलं की जिभेला मिठाची उणीव जाणवत नाही. शिकवायची सवय जात नाही माणसाची. मी हे सगळीकडे सांगत फिरले.

घरी हे भाकरीबरोबर ती चटणी तेल घालून भाजीसारखी खायला लागले. सकाळी, डब्यात, रात्री. मी अडवलं नाही. उलट दोन चमचे जास्तच वाढायची. तेवढीच एक गोष्ट त्यांना मनापासून आवडत होती.

आणि ब्लडप्रेशर काही उतरेना.

दर महिन्याला आम्ही जायचो. वरचा आकडा दीडशेच्या खाली यायला तयार नव्हता. चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "गोळी वेळेवर आहे, वजन कमी झालंय, चालणं आहे. मीठ खरंच कमी केलंय ना?"

मी म्हटलं, "घरात तर केलंय." आणि यांच्याकडे पाहिलं.

त्या पाहण्यापासून सगळं बिघडलं. राजापेठेच्या चौकात यांच्या ऑफिसच्या वाटेवर गिलावड्याची, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांची, गाडी लागते. लग्नाआधीपासून यांना गिलावड्याचं वेड. माझ्या डोक्यात ती गाडी बसली. मी यांचे रुमाल धुवायच्या आधी हुंगायला लागले. शर्टावर तेलाचा डाग दिसतो का बघायला लागले. विचारलं की हे म्हणायचे, "नाई खाल्लं." पुन्हा विचारलं की म्हणायचे, "नाई वं, सांगतलं ना." एक दिवस मी चक्क त्या गाडीवाल्याला जाऊन विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, "साहेब पहिले यायचे, आता दिसत नाईत." मला वाटलं, याला सांगून ठेवलंय.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगायची. एकदा तर बोलता बोलता रडले. म्हटलं, "मी इकडे एक एक दाणा मोजून राहिली आणि हा माणूस बाहेर खाऊन येते. माझ्या तोंडावर खोटं बोलते. माझ्या बापासारखं होईल त्याचं."

तिनं तिकडे गिरणी बंद केली. मग म्हणाली, "पुरुष मानसं असेच असतात वं. बाहेर खाऊनच येतात. तू लक्ष ठेव."

तिचं हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, हे बाहेर खातात. मला खोटं सांगतात, तुम्हालाही सांगतील." खोलीत कंपाउंडर होता, दारात पुढचा पेशंट उभा होता. हे खुर्चीतून उठले नाहीत, रागावले नाहीत. खाली पाहून शर्टाची बाही नीट करत राहिले. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली.

बाहेर आल्यावर गाडीला किक मारायच्या आधी म्हणाले, "आजपासून मी बाहेरचा चहा बी नाई घेत. तुह्या डब्यातलंच खाईन. मंग तं झालं?"

आणि तसंच केलं त्यांनी. ऑफिसातली मंडळी दोन दिवसांसाठी सेमाडोहच्या जंगलात सहलीला गेली होती, तर हे घरून भाकरी आणि चटणी बांधून घेऊन गेले. ते मला फार उशिरा कळलं. यांच्या सहकाऱ्याची बायको भेटली तेव्हा म्हणाली, "तुमचे हे आमच्यात बसलेच नाईत जेवायले. झाडाखाली डबा खोलून एकटेच खात होते."

आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. गोळी घेतली का, घेतली. एवढंच.

मग तिच्या आईचं आजारपण निघालं आणि ती गिरणी बंद करून तेल्हाऱ्याला माहेरी गेली. विहारातल्या बायकांना चटणी हवी होती, भाजलेला जवस घरात पडून होता. मी म्हटलं, एक खेप इथेच करू. जवळच्या कांडपावर नेऊन, तोंडाला पदर बांधून, माझ्या पुडीतलं मीठ माझ्या हातानं घालून मी चटणी करून आणली. त्या दिवशी जेवताना यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"हे आपली चटणी नाई."

"आपलीच आहे. मी स्वतः केली आज."

"नाई. हे अळणी आहे. रोजची अशी नसते."

मी स्वयंपाकघरात गेले. डब्याच्या तळाशी जुनी चटणी थोडी शिल्लक होती. पोटाचा विचार न करता चिमूटभर जिभेवर ठेवली. सात-आठ महिने बेतानं मीठ खाल्लेली माझी जीभ होती. तिखट नंतर लागलं. आधी मीठ लागलं, खडा फोडल्यासारखं. मी नवी चाखली, पुन्हा जुनी चाखली. मग ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. बाहेरून यांचा आवाज आला, "काय झालं?" मी जुन्या चटणीचा डबा बंद केला.

तिसऱ्या दिवशी ती तेल्हाऱ्याहून परतल्याचं कळलं आणि मी सकाळची बस धरली. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की चूक झाली असेल. पुडी दोनदा पडली असेल. दुसऱ्या कुणाच्या चटणीचं मीठ असेल. अकोल्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत मला माहीत होतं की चूक एकदा होते, सहा महिने होत नाही.

गिरणी सुरू होती. मला बघून ती खूश झाली. "माय वं, न सांगता?" म्हणत तिनं पट्टा थांबवला, हात झटकले. मी बसले नाही. विचारलं, "चटणीत मीठ तू वरून घालतेस का?"

तिचा चेहरा उतरला. तिनं नाही म्हटलं असतं तर मी त्या क्षणी कदाचित मानलं असतं. पण ती म्हणाली, "पहिली खेप सारी वापस आलती. इकडच्या दुकानदारानं फेकल्यासारखी दिली. तुले सांगतलं असतं तं तुह्यं तोंड उतरलं असतं. किती हौसेनं करून राहिली होती तू. म्हणून मंग जराक टाकलं."

"जराक?"

"लोकायच्या तोंडाले लागंल इतकं. सारे करतात तसं."

"आणि माझ्या पुड्या?"

 मग कोपऱ्यातल्या फळीकडे तिची नजर गेली. मी पाहिलं. कागदाच्या माझ्या पुड्या तिथे होत्या. काही उघडलेल्या, काही तशाच, माझ्या अक्षरात वजन लिहिलेल्या. तिनं ते मीठही वापरलं नव्हतं. मोजायची गरजच पडली नसेल.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं हे रोज खातात."

"भाऊजी इतकी खात असतील हे माह्या ध्यानातच आलं नाई वं."

"मी फोनवर रडले होते. तुला सांगितलं होतं की ते खोटं बोलतात. तू काय म्हणालीस?"

तिला आठवत होतं. ती ओढणीनं उगाचच यंत्रावरचं पीठ पुसायला लागली. म्हणाली, "तेव्हा सांगणार होती मी. तोंडापर्यंत आलतं. पण मंग तू म्हणाली असती, आधी काहून नाई सांगतलं. जितके दिवस गेले तितकं कठीण झालं."

दळणाला आलेली एक बाई डबा घेऊन दारात उभी होती. मी तिच्या बाजूनं निघून आले. मैत्रीण स्टँडपर्यंत मागे आली असती, पण गिरणी उघडी टाकता येत नव्हती. तिनं मागून माझ्या होस्टेलमधल्या लाडक्या नावानं हाक मारली. मी वळले नाही.

परतीच्या बसमध्ये मला राग आला नाही. रिकामं रिकामं वाटत होतं. तीस वर्षं जिच्याजवळ मनातलं सगळं ठेवलं, तिनं माझं रडणं ऐकून घेतलं आणि माझ्याच नवऱ्याकडे बोट दाखवलं. मिठाचं मी एखाद्या दिवशी विसरले असते. हे कसं विसरणार होते?

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हे तिच्यावर संतापतील. मला तेच हवं होतं, आम्ही दोघं मिळून तिच्यावर संतापावं. यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तिनं चटणीत मीठ टाकलं. तू माह्यावर भरोसा टाकला नाई. दुसऱ्यासमोर खोटा ठरवला मले." पुढे म्हणाले, "तिचं काम लहान होतं त्यामानानं."

मी माफी मागितली. त्यांनी "हाव" म्हटलं आणि उठून गेले. माफ केलं की नाही ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले.  म्हटलं, "माझ्या अक्षरातली चिठ्ठी असलेली चटणी कुणाच्या घरी असेल तर बीपीच्या माणसाला देऊ नका. तिच्यात मीठ कमी नाही. मला माहीत नव्हतं, पण मी चाखून बघायला हवं होतं." बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक जण म्हणाली, "पण चव लय छान होती वो ताई." दोघी-तिघी हसल्या. एक म्हातारी बाई, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती नंतर जवळ आली आणि म्हणाली, "आपल्या तोंडाले समजून राहिलं होतं, बाई. आपन मानलं नाई, कारण चिठ्ठीवर लिहिलं होतं." तिचं स्वतःचंच ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. सहा महिने माझी चटणी ती औषधासारखी खात होती.

डॉक्टरांनाही मी सांगितलं, यांच्यासमोर, कंपाउंडर खोलीत असतानाच. डॉक्टर म्हणाले, "एका चटणीमुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण दिवसातून तीनदा, तेही भाजीसारखी, म्हणजे घरात कमी केलेलं सगळं मीठ तिथून परत येत होतं." ते यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर मीही शंका घेतली, साहेब." हे हसले. खूप दिवसांनी हसले, पण डॉक्टरांकडे बघून.

आकडा उतरायला दोन महिने लागले. दुसरी गोळी डॉक्टरांनी बंद केली, पहिली चालू आहे. आता घरात चटणी मी करते, पाट्यावर, एका आठवड्यापुरती. हे खातात आणि काही बोलत नाहीत. यांच्या डब्यात काय घालू ते विचारलं की म्हणतात, "जे देशील ते." पूर्वी असं म्हणताना आवाजात लाड असायचा.

मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. वर्ष होऊन गेलं होतं. नाव पाहून मी उचलणार नव्हते, पण बोट गेलं.

"मले बी निघाला वं बीपी," ती म्हणाली. "चक्कर येऊन गिरणीत पडली. डॉक्टर म्हणते मीठ कमी करा. मले तं काहीच समजून नाई राहिलं. काय खाऊ मी?"

मी खुर्ची ओढून बसले. तिला सगळं सांगितलं. कणकेत मीठ घालू नको. भाजी उतरवताना शेवटी घाल, म्हणजे कमीत जास्त लागतं. लिंबू जवळ ठेव. पापड, फरसाण, बिस्किटं, सॉस बंद. महिनाभर जीभ कुरकुर करेल, मग ऐकेल. गोळी मनानं बंद करू नको. ती मध्ये मध्ये "हाव, हाव" करत होती. बहुतेक लिहून घेत होती. मी एकही गोष्ट लपवली नाही आणि एकही वाढवून सांगितली नाही. अर्धा तास बोलले असेन. तिची तब्येत आता कशी आहे, पडली तेव्हा कुठे लागलं, जवळ कोण होतं, यातलं मी काही विचारलं नाही. विचारावंसं वाटत होतं.

शेवटी ती म्हणाली, "येऊ का एखाद्या दिवशी अमरावतीले?"

मी म्हटलं, "पाहू."

ती थांबली, मी काही पुढे बोलते का याची वाट पाहत. मग तिनंच फोन ठेवला. ती आली नाही. मीही बोलावलं नाही.